भिंतीतले सोने आणि विहिरीतला कागद

जुने घर पाडायला काढले की गल्लीत पोरे गोळा होतात आणि जाणारा-येणारा गवंड्याला हळूच विचारतो, "काय निघालं का?" या 'काय'चा अर्थ सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. काय म्हणजे हंडा. हंड्यात मोहरा. मोहरा नसतील तर निदान चांदीचे कलदार रुपये. गवंडी हसतो, मान हलवतो आणि विचारणाऱ्याची खात्री पटते की काहीतरी निघाले आहे, पण हा सांगत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सोने निघाले तर आम्हाला कोणी बोलावत नाही, बोलावण्याचे कारणही नाही. पण कागद निघाला की हमखास निरोप येतो. कधी ताकातून, कधी तुळईच्या खोबणीतून, कधी बळदाच्या तळातून गुंडाळी निघते. तीवरची माती झटकून कोणीतरी आमच्या हातात ठेवतो. "सर, ये जरा पढको बताव ना, क्या लिखेला है?" आम्ही चष्मा पुसतो. कागद उजेडाकडे धरतो. खरे सांगायचे तर दहापैकी आठ वेळा आम्हाला तो वाचता येत नाही. आम्ही बी. एड. आहोत. पाठाचे टाचण काढता येते, मूल्यमापनाचे तक्ते भरता येतात. पण जुन्या मुनशीची शिकस्ता, जिच्यात नुक्ते नसतात आणि शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात, ती आम्हाला कोणी शिकवली नाही. मग आम्ही विद्वानासारखे गंभीर होऊन म्हणतो, "पुराना है. फारसी है शायद." तेवढ्यात घरातले एखादे बुजुर्ग निकाल देतात, "अल्ला का कलाम है. बेअदबी नको. थंडा कर देव."

थंडे करणे म्हणजे काय ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. जीर्ण झालेली कुरआनची पाने कचऱ्यात जाऊ नयेत, पायदळी येऊ नयेत, म्हणून ती पुरायची किंवा वाहत्या पाण्यात अथवा विहिरीत सोडायची. या रिवाजामागचा अदब आम्हाला प्यारा आहे आणि त्याच्याशी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो या अदबाच्या नावाखाली काय काय बुडते त्याच्याशी. अलिफ-बे दिसले की कलाम, असा आमचा हिशेब झाला आहे. सावकाराची पावती असो, मागाच्या भागीदारीचा करार असो, हकिमाचा नुस्खा असो, निकाहनामा असो, जमिनीची सनद असो, लिपी ती दिसली की सगळे एकाच पिशवीत आणि पिशवी विहिरीत. आणि त्याच संध्याकाळी चौकात चहा पिताना आम्हीच म्हणतो, "हमारी तारीख मिटा रहे हैं."

कोण मिटवतो आहे? बाहेर मिटवणारे आहेत, नाहीत असे नाही. पण निम्मे काम आम्ही घरबसल्या करून देतो, तेही वुजू करून.

आमच्या भागातली जुनी घरे कशी होती ते आजच्या पोरांना सांगावे लागेल. दोन-अडीच हात जाडीची दगड-मातीची भिंत, वर सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. घराचे माप खोल्यांत नव्हे, खणांत सांगायचे. भिंतीतच धान्याचे बळद, भिंतीतच दिव्याचा ताक, भिंतीतच कोनाडा. कपाट नव्हते, बँक नव्हती, लॉकर नव्हते. जे जपायचे ते भिंतीच्या पोटात. भीतीचे दिवस आले की कोनाड्याचे तोंड विटा-मातीने लिंपून टाकायचे. आणि या शहराने भीतीचे दिवस काही थोडे पाहिले नाहीत. १९३० च्या मार्शल लॉमध्ये घरात काय ठेवावे हा प्रश्न इथल्या प्रत्येक जातीच्या माणसाला पडला असेल. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चौघांपैकी आमचे कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवत. त्यांच्या नावाने आम्ही दरसाल भाषणे करतो. त्यांच्या पत्राचा एखादा अंक आपल्या माळ्यावर आहे का, हे मात्र शिडी लावून कोणी पाहत नाही. मग १९४८ आले. आधी रझाकारांच्या भीतीने पळालेली हिंदू कुटुंबे निजामाच्या मुलखातून सोलापुरात आली. मग १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गच्या रस्त्याने निजामाच्या राज्यात शिरल्या आणि त्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडकडच्या मुसलमानांवर जे गुजरले ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले. तो अहवालही दशकानुदशके सरकारी दप्तराच्या भिंतीतच चिणलेला होता. दोन्ही वेळा लोकांनी जाताना भिंती लिंपल्या. परत आलेल्यांनी उकरून काढल्या. जे परतलेच नाहीत त्यांच्या भिंती तशाच राहिल्या.

या भिंती आता उरत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने दगड-मातीच्या घराची अशी धास्ती घातली की लोक झोपेत माळवदाकडे पाहू लागले. त्यात गैर काही नाही, जीव मोठा आहे. नंतर भावांच्या वाटण्या झाल्या, पत्रे आले, स्लॅब आले. २०१६ मध्ये सोलापूरचे नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत लागले आणि ज्याला त्याला आपले घर जुनाट वाटू लागले. बेगम पेठेत, विजापूर वेशीत, साखर पेठेत फिरून पाहा. मातीचे ढीग ट्रॅक्टरमधून शहराबाहेर जातात. सागाच्या तुळया आणि नक्षीची चौकट घ्यायला व्यापारी मात्र पाडायच्या आधीच हजर असतो. लाकडाची किंमत त्याला कळते. कागदाची किंमत ना त्याला, ना आम्हाला.

सोन्याच्या बाबतीत लोक निदान कायद्याला घाबरतात. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून जिवंत आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीतसुद्धा, दहा रुपयांहून अधिक किमतीचे दडवलेले काही सापडले की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालक निघाला नाही आणि सरकारनेही घेतले नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जागेच्या मालकाचा. फार कमी लोकांना हे ठाऊक असते, म्हणून लपवालपवी होते. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या जागी मजुरांना सोन्याची नाणी सापडली. ती त्यांनी घरी नेली आणि पोलिसांनी तब्बल २१६ नाणी हस्तगत केली. बातम्यांत नाण्यांवर 'उर्दू-अरबी' अक्षरे असल्याचे छापून आले. मुघल नाण्यांवरचा मजकूर फारसीत असतो, हे सांगायला आपल्यातले कोणी पुढे आले नाही. आम्हीही आलो नाही, नाणी बघण्यातच दंग होतो.

गुप्तधनाच्या नादाने याच महाराष्ट्रात माणसे बळी दिली गेली आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख करावा लागला. आपल्या मोहल्ल्यातही 'आमिल' म्हणवणारे आहेत. भिंतीला कान लावून "यहाँ जिन बैठा है, माल है" असे सांगून पैसे उकळतात. त्यांच्यावर विश्वास ठेवून लोक फरशी खणतात. आणि त्याच भिंतीतून कागद निघाला की तो न वाचता बुडवतात. सोन्यासाठी जिन्नाची परवानगी घेणारा माणूस कागदासाठी शेजारच्या शिक्षकाची दोन दिवस वाट पाहत नाही.

आता जे म्हणतात की हा अदबच आहे, दुसरे काय करणार, त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. आपल्यासारखाच अदब कैरोच्या यहुद्यांत होता. देवाचे नाव लिहिलेला कागद फाडायचा नाही, फेकायचा नाही. त्यांनी तो पाण्यात सोडला नाही, बेन एझ्रा नावाच्या सिनेगॉगमधल्या एका कोठडीत टाकत गेले. शेकडो वर्षे टाकत गेले. १८८९-९० मध्ये त्या इमारतीचे नूतनीकरण निघाले, कागद बाहेर येऊ लागले आणि १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्यांतले सुमारे १ लाख ९० हजार तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत धर्मग्रंथ होतेच, पण किराण्याची यादी होती, नवऱ्याची तक्रार करणाऱ्या बायकांची पत्रे होती, लग्नाचे करार होते, आपल्या मलबार किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांचे हिशेब होते. त्या कागदांवरून मध्ययुगातल्या साध्या माणसाचे जगणे उभे राहिले. यहुद्यांचेच नव्हे, त्यांच्या मुसलमान शेजाऱ्यांचेही. अदब तोच. एकाने कोठडीत ठेवला, एकाने विहिरीत सोडला. फरक एवढाच.

यहुद्यांचे उदाहरण नको असेल तर आपले घ्या. १९७२ साली येमेनच्या सना शहरातल्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताच्या पोकळीतून चर्मपत्रांचा ढीग निघाला. हजारो तुकडे, आणि त्यांत कुरआनच्या अगदी आरंभीच्या काळातली पाने. मजुरांनी पोत्यांत भरले, पण थंडे केले नाही. तिथल्या पुराणवस्तू खात्याच्या प्रमुखांनी ते ओळखले, ठेवले, जाणकार बोलावले. ज्या मशिदीत हे घडले तिथल्या लोकांचा ईमान आमच्यापेक्षा कच्चा होता काय?

इतके लांबचे सांगून झाल्यावर आमचे स्वतःचे सांगणे भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता उपदेश होईल.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमचे घर पाडले. विजापूर वेशीच्या आतले चार खणांचे माळवद, पावसाळ्यात ठिबकणारे. पश्चिमेकडची भिंत पाडताना लिंपलेला ताक निघाला. आत लाकडी पेटी. गवंड्याने पहार टाकून धाव घेतली. पेटीत हिरव्या कापडात गुंडाळलेला पंजसूरा, वाळवीने खाल्लेला, दोन किल्ल्या, चांदीचा तावीज आणि वीतभर जाडीची कागदांची गड्डी. गवंड्याचा चेहरा पडला. आमच्या चाचांनी नेहमीचा निकाल दिला. आणि आम्ही, उर्दूचे शिक्षक, दुसऱ्यांना नेहमी "थांबा, बघू" म्हणणारे आम्ही, त्या दिवशी थांबलो नाही. ट्रॅक्टर दारात उभा होता, मजुरांची रोजी चालू होती, शाळेच्या निकालाचे काम डोक्यावर होते. गड्डीचा वरचा कागद उर्दू होता, त्याखालचे काही मोडी. उर्दू वाचून झाले असते. मोडीला माणूस मिळाला असता. पण कंटाळा केला. पिशवीत भरले, दगड बांधला, शेळगीच्या बाजूला एका पडक्या विहिरीत सोडले. दुष्काळाचे वर्ष. विहिरीत पाणी नव्हतेच म्हणा, काळा चिखल होता. पिशवी आपटल्याचा आवाज आला. पेटी फुफीने मागून नेली, सुपारी-अडकित्ता ठेवायला.

सात महिन्यांनी डिसेंबर आला. आसामात ३१ ऑगस्टला जाहीर झालेल्या यादीतून एकोणीस लाखांवर माणसे बाहेर राहिली होती आणि आता नागरिकत्वाचा नवा कायदा झाला होता. आमच्या गल्लीत त्या हिवाळ्यात ट्रंका उतरल्या. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांची गिरणीतली नोकरीची चिठ्ठी, घरपट्टीच्या पावत्या. "सर, १९५१ च्या आधीचे काही आहे का बघा." ज्या लोकांनी पाच-दहा वर्षांत कागदांची पोती बुडवली होती, ते आता एका पावतीसाठी जिवाचे रान करत होते. आम्हीही करत होतो. विहिरीची आठवण झाली नसेल, असे समजू नका.

फुफीनेही आपला दाखला शोधायला पेटी रिकामी केली. तळाला एक कागद चिकटलेला होता. ओल्या फडक्याने सोडवला. निकाहनामा. आमच्या पणजीचा. हिजरी १३४०, म्हणजे इसवी १९२१-२२. महर दोनशे रुपये कलदार आणि राहत्या घराचा पश्चिमेकडील एक खण. खाली चार ओळी मोडीत. त्या आम्हाला लागेनात. टाळेबंदी उठल्यावर साखर पेठेतल्या एका पद्मशाली घरातल्या मुलीने वाचल्या. तिने पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकली आहे. घरात तेलुगू बोलते, बाहेर मराठी, आणि आमच्या पणजीचा कागद तिला वाचता आला, आम्हाला नाही. त्या ओळी शेजारच्या दोन हिंदू साक्षीदारांच्या होत्या. खणाची चतुःसीमा त्यांनी लिहिली होती आणि खण त्या बाईंच्या ताब्यात दिल्याचे म्हटले होते.

म्हणजे घराचा तो भाग पणजोबांचा नव्हताच. पणजीचा होता. तिच्या मागे तो तिच्या लेकांचा आणि लेकींचा. आमच्या घरात असे कधी कोणी म्हटले नव्हते. दादा वारल्यावर वाटणी झाली तेव्हा फुफीकडून हक्कसोडपत्र घेतले गेले. एक साडी, बांगड्या आणि 'माहेर तुटू नये' एवढ्यावर तिने सही केली. शरियतचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या घरांत शरियतने दिलेला लेकीचा हिस्सा असाच सुटतो. महर शब्बे-जुफाफला माफ करवून घेतात, हिस्सा वाटणीच्या दिवशी. मग घरातल्या पुरुषाला तो कागद जपण्यात काय रस असणार? आम्ही असे म्हणत नाही की चाचांनी जाणूनबुजून बुडवायला लावला. त्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. पण बाकीच्या गड्डीत आणखी कोणाकोणाचे खण होते, ते आता शेळगीच्या चिखलाला माहीत.

अदबाची भाषा करणाऱ्यांनी सूरह बकराची २८२ वी आयत काढून बघावी. अख्ख्या कुरआनात तिच्याएवढी लांब आयत दुसरी नाही. आणि ती कशाबद्दल आहे? देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल. लिहिणारा बोलवा, साक्षीदार घ्या, व्यवहार छोटा असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. ज्या किताबीने आपल्याला हिशेबाचा कागद लिहायला सांगितले, तिच्याच अदबापायी हिशेबाचा कागद बुडवायचा, ही उलटी समज आमच्यात कुठून आली, ते मौलाना साहेबांनी एका जुम्याच्या बयानात सांगावे. बयान नको असेल तर मशिदीच्या दारातल्या 'मुकद्दस औराक'च्या पेटीशेजारी दुसरी पेटी ठेवावी. आयती एकीत, बाकीचे दुसरीत. इतके अवघड आहे का?

काहीजण म्हणतात, जुन्या कागदाला विचारतो कोण, कोर्टात चालत नाही. चालतो. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही-हस्ताक्षर खरी मानायची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती, ती २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. मेख 'योग्य ताब्यातून' या शब्दांत आहे. कागद कुठल्या भिंतीत, कोणाच्या घरात, कोणासमोर निघाला हे त्याच वेळी लिहिले, मोबाइलवर जागेवरच फोटो काढला, तर पुढे कोणाला सांगता येते. गड्डी चार हातांतून फिरून आली की तिचे माहेर हरवते. २०२५ च्या दुरुस्तीने केवळ वापरावरून वक्फ ठरण्याची वाट यापुढे बंद केली. कब्रस्तानाचा, आशूरखान्याचा, इनामाचा कागद कोणाच्या तरी ताकात असेल आणि तो ताक याच महिन्यात पाडला जात असेल.

आणि एक लाजेची गोष्ट. मराठी मुलखातली फारसी फर्माने आणि सनदा वाचून 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड कोणी काढले? पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग. ह. खरे यांनी. शेख महंमद श्रीगोंदेकर, शाह मुंतोजी, हुसेन अंबरखान या आपल्या मराठी लिहिणाऱ्या बुजुर्गांवर पुस्तक लिहून आपल्याला ओळख कोणी करून दिली? रा. चिं. ढेरे यांनी. या माणसांचे उपकार मानायचेच. पण १९९० मध्ये याच सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवून 'आम्ही इथले, आमची भाषा मराठी' असे ठणकावून सांगणाऱ्या समाजाने त्यानंतर किती मुलांना मोडी शिकवली, किती उर्दू शिक्षकांना शिकस्ता? आमच्या पणजीच्या एकाच कागदावर वर उर्दू आणि खाली मोडी आहे. 'इथले' असण्याचा याहून साधा पुरावा संमेलनाच्या ठरावात सापडणार नाही.

आमच्या वर्गातली नववीची पोरे आता जुने घर पाडताना दिसले की थांबतात. त्यांना आम्ही सांगितले आहे की हंडा निघाला तर कलेक्टर, कागद निघाला तर शाळा. मागल्या महिन्यात एकाने किराण्याची वही आणली, दुसऱ्याने नुसती पतंगाच्या कागदाची घडी. ठेवून घेतली दोन्ही. मोडीच्या त्या मुलीला आम्ही रविवारी शाळेत बोलावले आहे. आम्ही स्वतः पहिल्या बाकावर बसणार आहोत.

पणजीचा निकाहनामा फुफीकडे आहे, त्याच पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत. ती निरक्षर नाही, पण तिने तो आमच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि "पश्चिमेकडील एक खण" या ओळीवर बोट ठेवून विचारले, "ये कित्ते फूट होता रे?" नव्या घरात त्या जागी आता आमचे स्वयंपाकघर आणि मोटारसायकल ठेवायची जागा आहे. हक्कसोडपत्र अजून चाचांच्या कपाटात आहे. त्यावर बोलायला आम्ही ईदनंतरची वेळ मागितली होती. ती ईद होऊन गेली.